चेहऱ्यावरच्या गाठी आणि लोकांच्या नजरा : एनएफ-१ असलेल्या तरुणीच्या चार प्रश्नांना उत्तर

तुमच्या पत्राचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे ते इतरांनाही कळेल. तुमचे वय २७ आहे. लहानपणापासून अंगावर फिकट तपकिरी डाग होते, वयात आल्यानंतर पाठीवर व मानेवर मऊ गाठी येऊ लागल्या आणि गेल्या काही वर्षांत त्या कपाळावर, पापणीजवळ व हनुवटीखालीही दिसू लागल्या. न्यूरोफायब्रोमाटोसिस प्रकार १, म्हणजे एनएफ-१, असे निदान झाले आहे. लोक टक लावून पाहतात, बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने ‘हे पसरते का’ असे तुमच्यासमोर तिसऱ्यालाच विचारले, आणि घरी आई मायेनेच, पण रोज, ‘झाकून जा’ असे सांगते. तुम्ही विचारले आहे की गाठी कायमच्या काढता येतील का, कोणी विचारले तर काय सांगावे, झाकावेसे वाटणे हा दुबळेपणा आहे का, आणि ज्याच्याशी जवळीक वाढते आहे त्याला हे केव्हा व किती सांगावे.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षे असे रुग्ण पाहत आलो आहे आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्यापुढे दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. एक आजाराची, दुसरी त्या आजाराकडे पाहणाऱ्यांची आणि त्यांच्या नजरेला धरून तुम्ही आखून घेतलेल्या आयुष्याची. पहिलीवरचे उपचार मर्यादित आहेत व संथ आहेत. दुसरीवर आजपासून पुष्कळ काही करता येते, आणि ते पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवण्याचे काहीही कारण नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण नेमके तेच करतात. आधी चेहरा नीट होऊ दे, मग नोकरी बदलेन, मग मित्रमैत्रिणींना भेटेन, मग कोणाला होकार देईन, असे म्हणत वर्षे निघून जातात. तुमच्या पत्रातही ‘शस्त्रक्रिया झाल्यावर’ हे शब्द वारंवार आले आहेत, म्हणून हे उत्तर मी त्या शब्दांपासूनच सुरू करतो.

एनएफ-१ हा १७व्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बदलामुळे होतो. या जनुकाच्या सांगण्यावरून तयार होणारे न्यूरोफायब्रोमिन नावाचे प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालते. ते पुरेसे नसले की नसांभोवतीच्या आवरणातील पेशी वाढत जातात आणि गाठी होतात. साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला हा आजार असतो, म्हणजे तो दुर्मीळ असला तरी तुम्ही समजता तितका विरळा नाही. सुमारे निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांपैकी कोणालाच तो नसतो. जनुकातला बदल त्या मुलातच पहिल्यांदा घडलेला असतो. गरोदरपणात आईने काय केले किंवा काय केले नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. हे शेवटचे वाक्य आईला एकदा मुद्दाम वाचून दाखवा. ‘झाकून जा’ म्हणणाऱ्या आयांच्या मनात पुष्कळदा वर्षानुवर्षे न बोललेला अपराधीपणा असतो, आणि त्याला कोणी हात लावत नाही म्हणून तो मुलीच्या कपड्यांवरच्या सूचनांमधून बाहेर पडतो.

हा आजार स्पर्शाने, श्वासाने, एकत्र जेवल्याने किंवा एकमेकांच्या वस्तू वापरल्याने पसरत नाही. तो अस्वच्छतेमुळे होत नाही.

आता गाठी काढण्याबद्दल. त्वचेतल्या गाठी चाकूने कापून काढता येतात, कार्बन डायऑक्साइड लेसरने काढता येतात, किंवा विद्युतप्रवाहाने जाळता येतात. ही शेवटची पद्धत एका बैठकीत पुष्कळ लहान गाठी काढण्यासाठी वापरतात आणि त्यासाठी बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. प्रत्येक काढलेल्या गाठीच्या जागी लहानमोठा व्रण राहतो, काही गाठी पुन्हा वाढतात आणि नव्या येत राहतात, कारण आजाराचे मूळ शरीरातील प्रत्येक पेशीत आहे. ‘कायमच्या’ या शब्दाला म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. पण ‘काही उपयोग आहे का’ असे विचारले तर तो निश्चित आहे. मी रुग्णांना आरशासमोर बसून सगळ्या गाठी मोजायला कधीच सांगत नाही. ज्या पाच-सहा गाठी सर्वांत जास्त त्रास देतात त्या दाखवायला सांगतो. पापणीवरची गाठ नजरेच्या आड येते, मानेमागची गळपट्टीला घासते, डोक्यावरची कंगव्यात अडकते, आणि एखादी नाकाच्या शेंड्यावरची असते जिचा शारीरिक त्रास काहीच नसतो पण मनाला ती सारखी बोचते. ही शेवटची काढणेही तितकेच योग्य आहे आणि तिच्यासाठी कोणापुढेही सबब सांगावी लागू नये. अशा निवडक गाठी काढलेले रुग्ण सहसा समाधानी असतात. अख्खा चेहरा पूर्ववत होईल या अपेक्षेने आलेले मात्र चांगली शस्त्रक्रिया होऊनही निराश होतात, आणि ती निराशा आधीपेक्षा खोल असते, कारण आता वाट पाहायलाही काही उरलेले नसते.

त्वचेतल्या या लहान गाठींचा कर्करोग होत नाही. नसांच्या जाळ्यात पसरणाऱ्या, खोलवरच्या प्लेक्सिफॉर्म गाठी हा वेगळा प्रकार आहे. त्या बहुधा जन्मजात असतात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या असतात, त्यामुळे काढताना रक्तस्राव व नसेला इजा होण्याचा धोका असतो, आणि एनएफ-१ मध्ये नसेच्या आवरणाचा जो कर्करोग आयुष्यात कधीतरी साधारण दहातल्या एकाला होतो तो सहसा अशाच गाठीत सुरू होतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या गाठी त्या प्रकारच्या वाटत नाहीत, पण हे पत्रावरून ठरवायचे नसते. एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, कडक झाली, तिच्यात सतत किंवा झोपमोड करणारी वेदना सुरू झाली, किंवा हातापायात नव्याने बधिरपणा वा अशक्तपणा आला, तर लगेच दाखवा. रक्तदाब वर्षातून निदान एकदा मोजून घ्या, कारण या आजारात मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद होऊन किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ होऊन तो वाढू शकतो. या आजाराच्या स्त्रियांना तरुण वयात स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तिसाव्या वर्षापासून दरवर्षी मॅमोग्राफी करण्याची शिफारस केली जाते. तुम्ही त्या वयाच्या जवळ आहात.

औषधांबद्दल तुम्ही बातम्या वाचल्या असतील. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या व त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी सेलुमेटिनिब या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये लहान मुलांसाठी मान्यता दिली, आणि मिर्डामेटिनिब या दुसऱ्या औषधाला २०२५ मध्ये प्रौढ व मुले अशा दोघांसाठी दिली. सेलुमेटिनिबच्या चाचणीत सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठी किमान एक-पंचमांशाने आकसल्या. ही या आजारातली फार मोठी प्रगती आहे, परंतु या मान्यता त्वचेतल्या लहान गाठींसाठी नाहीत, आणि पुरळ, नखांभोवतीचा दाह, जुलाब, हृदयाच्या कार्यावरचा परिणाम असे दुष्परिणाम पाहता ती केवळ दिसण्यासाठी घेण्याजोगी औषधे नाहीत. त्वचेवरील गाठींसाठी लावायच्या औषधांवर काम चालू आहे. त्याची बातमी आली की तुमचे डॉक्टर सांगतीलच; रोज शोधत बसू नका.

शोधण्यावरून एक सांगावेसे वाटते. या आजाराचे नाव इंटरनेटवर टाकले की जोसेफ मेरिकची छायाचित्रे पुढे येतात. मेरिक हा १८६२ ते १८९० या काळात इंग्लंडमध्ये राहिलेला, अत्यंत विकृत शरीराचा माणूस. त्याला जत्रेतल्या वस्तूसारखे पैसे घेऊन दाखवले जात असे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात त्याला एनएफ होता असे मानले जाई. १९८६ मध्ये दोन कॅनेडियन संशोधकांनी त्याच्या लक्षणांचा पुन्हा अभ्यास करून तो प्रोटियस सिंड्रोम हा निराळाच, कितीतरी दुर्मीळ आजार असावा असे दाखवून दिले, आणि आता सर्वसाधारणपणे तेच धरले जाते. पण चुकीची जोडणी टिकून आहे, आणि नव्याने निदान झालेली कितीतरी कुटुंबे पहिल्याच रात्री ती छायाचित्रे पाहून हादरतात. तुमच्या नातेवाइकांपैकी कोणी तसे बोलले असेल, तर ही माहिती त्यांना द्या.

आता दुसऱ्या अडचणीकडे येतो.

गाठी जितक्या जास्त तितके दुःख जास्त, असे सगळ्यांना वाटते, डॉक्टरांनाही. अनुभव आणि संशोधन दोन्ही याच्या उलट आहेत. अर्धा चेहरा भाजलेला माणूस निर्धास्तपणे सभा गाजवतो आणि कानामागचा दीड इंचाचा डाग असलेली मुलगी केस कापायला घाबरते, हे मी वारंवार पाहिले आहे. व्रणाचा आकार, त्याची जागा, त्याचे कारण यांवरून त्या माणसाला किती त्रास होत असेल याचा अंदाज नीटसा बांधता येत नाही. त्याहून जास्त फरक पडतो तो जवळची माणसे कशी आहेत, माणूस किती गोष्टी टाळतो आणि लोकांच्या प्रतिक्रियेचा तो काय अर्थ लावतो, यांमुळे. ही तिन्ही बदलता येण्याजोगी आहेत, आणि म्हणूनच मी आशावादी आहे.

अर्थ लावण्याबद्दल दोन प्रयोग सांगतो आणि ते जोडीनेच सांगतो, कारण एकट्याने सांगितले तर दोन्ही दिशाभूल करतात. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी काही जणींच्या चेहऱ्यावर रंगाने खोटा व्रण काढला, तो त्यांना आरशात दाखवला, आणि मग तो नीट बसावा म्हणून मलम लावतो असे सांगून त्यांच्या नकळत पुसून टाकला. त्यानंतर त्यांना एका अनोळखी व्यक्तीशी बोलायला बसवले. चेहरा स्वच्छ असूनही, समोरची व्यक्ती आपल्या व्रणामुळे अवघडली होती, असे त्यांनी सांगितले. आपण ज्याची अपेक्षा करतो ते आपल्याला दिसू लागते, असा याचा सरळ अर्थ. पण १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये निकोला रम्सी आणि सहकाऱ्यांनी एका व्यक्तीला चेहऱ्यावर कधी जन्मखूण रंगवून, कधी न रंगवता रस्त्यावर उभे केले आणि ये-जा करणारे लोक तिच्यापासून किती अंतरावर उभे राहतात ते मोजले. चेहऱ्यावर खूण असताना लोक अधिक दूर उभे राहिले, आणि ज्या बाजूला खूण नव्हती त्या बाजूला उभे राहण्याकडे त्यांचा कल होता. तेव्हा बसमधली ती रिकामी जागा तुमच्या मनाचा खेळ आहे असे जर कोणी म्हणाले, तर ते चूक आहे. आणि प्रत्येक रिकामी जागा तुमच्यामुळेच आहे असे तुम्ही धरले, तर तेही चूक ठरेल. एखाद्या ठरावीक प्रसंगी यांपैकी काय आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि हाच खरा जाच आहे. इतरांना रिकाम्या जागेचा अर्थ लावावा लागत नाही. तुम्हाला दिवसभर लावावा लागतो. संध्याकाळी जो थकवा येतो तो त्या कामाचा असतो.

नजरांचेही प्रकार असतात आणि ते ओळखता येऊ लागले की बराच भार हलका होतो. पहिल्या एक-दोन सेकंदांची नजर अनैच्छिक असते. माणसाचा मेंदू चेहरे फार लवकर वाचतो आणि अपेक्षेपेक्षा वेगळे दिसले की तिथे थबकतो. त्यात मत नसते. त्यानंतर काही जण चटकन दुसरीकडे पाहतात. हे तुम्हाला तिरस्कारासारखे वाटते, पण बहुधा ते ‘आपण पाहिले हे त्यांना कळले’ या संकोचाचे लक्षण असते. काहींची नजर रेंगाळते, ती कुतूहलाची असते. काहींच्या मनात संसर्गाची भीती असते. आणि फार थोड्यांची नजर खरोखर अपमान करण्यासाठी असते. या पाचांना एकच उत्तर देता येत नाही, आणि सगळ्यांना शेवटच्या प्रकारात टाकले तर आयुष्य लढाईतच जाते. टक लावणाऱ्याकडे क्षणभर थेट पाहावे, ओळखीच्या माणसाला करतो तशी किंचित मान डोलवावी, आणि मग आपण आपल्या कामाकडे वळावे. बहुतेक लोक तेवढ्याने भानावर येतात. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, परंतु सरावाने अंगवळणी पडल्यावर याचा उपयोग मी सुचवलेल्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त झाल्याचे रुग्ण सांगतात.

बोलण्याच्या बाबतीत ब्रिटनमधल्या ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेने रूढ केलेली पद्धत मी शिकवतो. ती संस्था जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ मध्ये स्थापन केली. ते १८ वर्षांचे असताना मोटारीच्या आगीत गंभीर भाजले होते, आणि शस्त्रक्रियांनी जेवढे व्हायचे तेवढे झाल्यावर लोकांमध्ये वावरायचे कसे हे आपल्याला कोणीच शिकवले नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पद्धत अशी की एका वाक्यात सांगायचे, दुसऱ्या वाक्यात समोरच्याची धास्ती घालवायची आणि तिसऱ्या वाक्यात विषय पुढे न्यायचा. ‘हा जन्मापासूनचा जनुकीय आजार आहे, त्याने अशा गाठी येतात. कोणाला लागत नाही आणि मला दुखतही नाही. बरे, ती फाइल आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे ना?’ यातले तिसरे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे आणि तेच सगळे विसरतात. पहिली दोनच बोललात तर पुढचा प्रश्न विचारण्याची पाळी समोरच्याची येते आणि अर्धा तास तुमच्या वैद्यकीय इतिहासात जातो. ही वाक्ये तुमच्या शब्दांत लिहून काढा आणि घरात मोठ्याने म्हणा. तोंडातल्या तोंडात म्हणून उपयोग होत नाही, कारण ऐन वेळी दगा देतो तो आवाज.

कार्यालयातल्या त्या सहकाऱ्याला, त्याने तुम्हाला थेट विचारले नसले तरी, तुम्ही थेट सांगावे असे मला वाटते. ‘तुम्ही परवा विचारत होतात ना, हे पसरत नाही. पुढे काही विचारायचे असेल तर मलाच विचारा.’ यात राग नाही, पण दुसऱ्या वाक्यात सीमा आहे. लहान मुलांना याहून सोपे सांगावे: ‘माझ्या त्वचेवर अशा गाठी येतात, तुझ्या गालावर तीळ आहे तसे.’ मूल लगेच पुढच्या विषयाकडे जाते. बहुतेकदा अवघडलेली असते ती त्याची आई. उपाय सुचवणाऱ्यांशी वाद घालू नका, ‘माझे उपचार चालू आहेत’ एवढे पुरे. आणि जो मुद्दाम हिणवतो त्याला समजावण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथून निघून जाणे हेही उत्तर आहे. कोणाला काहीच सांगावेसे वाटत नसेल त्या दिवशी ‘आज त्यावर बोलायचे नाही’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आजार दिसतो म्हणून तो सार्वजनिक होत नाही.

नोकरीच्या मुलाखतीसाठी एक निराळी सूचना आहे. जुआन मडेरा आणि मिकी हेब्ल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की उमेदवाराच्या चेहऱ्यावर खूण असली की मुलाखत घेणाऱ्याची नजर पुन्हापुन्हा तिकडे जाते, परिणामी उमेदवार काय बोलला ते त्याला कमी आठवते आणि म्हणून तो कमी गुण देतो. इथे द्वेषाची गरजच नाही. लक्ष विचलित होणे पुरेसे आहे. म्हणून पहिल्या मिनिटातच वरची दोन वाक्ये बोलून तो विषय मोकळा करावा, म्हणजे उरलेला वेळ ऐकणाऱ्याचे लक्ष तुमच्या बोलण्यावर राहण्याची शक्यता वाढते. आपले म्हणणे कागदावर लिहूनही द्यावे. हा न्याय्य सौदा नाही, हे मला मान्य आहे. जादा मेहनत पुन्हा तुम्हालाच करावी लागते. मात्र त्यापुढे जाऊन कामावर डावलले जात असेल, तर बोलण्याच्या कौशल्याने ते सुटत नाही, तिथे लेखी तक्रार व कायदा लागतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात गंभीर विद्रूपता हे अपंगत्व मानले आहे आणि त्यासाठी दैनंदिन कामात अडथळा येतो हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. सर्वत्र इतकी स्पष्टता नाही, म्हणून आपल्याला लागू असलेला कायदा माहीत असलेल्या वकिलाचा सल्ला घ्या आणि तोपर्यंत कोण, केव्हा, काय म्हणाले याची तारखेनिशी नोंद ठेवा.

झाकण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ती इच्छा दुबळेपणाची नाही. त्वचेच्या रंगाशी जुळणारी दाट प्रसाधने तपकिरी डाग चांगले झाकतात; गाठींचा उंचवटा ती लपवू शकत नाहीत. ओढणी, उंच गळपट्टी, केसांची ठेवण, यांतले काहीही वापरायला हरकत नाही. मी फक्त एक गोष्ट तपासतो: ते नसेल तर तुम्ही बाहेर पडू शकता का? शक्य असूनही झाकलेत, तर ती निवड झाली. शक्यच नसेल, तर झाकण्यामुळे भीती दर दिवशी थोडी वाढते आहे, कारण न झाकता काय झाले असते हे पाहण्याची संधीच मनाला मिळत नाही. तुम्ही समारंभांना जाणे बंद केले आहे, डबा एकटीने खाता आणि मागच्या दाराने ये-जा करता असे लिहिले आहे. या तिन्हींतून तात्पुरती सुटका मिळते हे खरे, पण ज्यांनी तुम्हाला चार वेळा पाहून सहज स्वीकारले असते ती माणसेही त्यामुळे दूर राहतात. त्यांच्यासाठी तुम्ही कायम पहिल्याच भेटीतल्या राहता. नवखेपणा सवयीनेच जातो, पाहणाऱ्याचाही. म्हणून टाळत असलेल्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करा आणि खालच्या पायरीवरून सुरुवात करा. उदाहरणार्थ, एका विश्वासू सहकारी मैत्रिणीबरोबर डबा खाणे. ते सलग काही आठवडे जमले की पुढची पायरी. पहिल्या वेळी छातीत धडधडेल. धडधड थांबण्याआधी उठून जाऊ नका, इतकेच पथ्य.

आईशी याबद्दल बोलताना ‘तू मला लाजतेस’ असा आरोप करू नका, तो बहुधा खराही नसतो. कोणत्या प्रसंगी तिची सूचना हवी आणि कोणत्या प्रसंगी नको, हे नेमके सांगा. बाहेर पडताना काही न बोलता सोबत येण्याची विनंती करा. आयांना काहीतरी करायचे असते. त्यांना करण्याजोगे दुसरे काम दिले की सूचना कमी होतात.

हे सगळे एकटीने पेलणे कठीण आहे आणि तशी अटही नाही. सामाजिक भीतीवर वर्तन व विचार बदलण्याच्या पद्धतीने काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. दिसण्याच्या प्रश्नांचा त्याला खास अनुभव नसला तरी मूळ तंत्र तेच असते. तशाच आजाराच्या इतरांचा गटही उपयोगी पडतो, विशेषतः आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी, संसार व नोकरी करणारी व्यक्ती त्यात भेटली तर. झोप जात असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरच्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे किंवा मदतवाहिनीकडे जा. एनएफ-१ च्या रुग्णांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळते आणि त्यावर उपचार आहेत.

शेवटचा प्रश्न तुमच्या मित्राचा. गाठी त्याला दिसतातच, त्यामुळे तुम्ही सांगणार आहात ती गोष्ट वेगळी आहे: कपड्यांखाली किती आहेत, पुढे वाढतील का, आणि मुलांना होईल का. पहिल्या भेटीत हे सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. पण नाते कायमचे करण्याचा विचार दोघांच्या बोलण्यात येऊ लागला की त्याआधी सांगावे, कारण नंतर कळले तर माणूस आजारापेक्षा लपवण्याने दुखावतो. शांत वेळी, घाई नसताना, तीन-चार वाक्यांत सांगा आणि लगेच त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू नका. ऐकलेले पचायला त्याला काही दिवस द्या. माफी मागण्याच्या सुरात मात्र सांगू नका. सांगायची माहिती अशी: प्रत्येक गर्भधारणेत मुलाला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते, मग आधीच्या मुलाचे काहीही झालेले असो. झाला तर तो सौम्य असेल की तीव्र, हे आईवडिलांकडे पाहून सांगता येत नाही. एकाच घरात दोन भावंडांमध्येही मोठा फरक असतो. गरोदरपणात तुमच्या गाठी वाढू शकतात किंवा नव्या येऊ शकतात, आणि रक्तदाबावर अधिक लक्ष ठेवावे लागते. जनुकातला नेमका बदल तुमच्या रक्ततपासणीत सापडला, तर गर्भाची तपासणी किंवा प्रयोगशाळेत फलित केलेल्या भ्रूणाची आधीच तपासणी हे पर्याय उपलब्ध होऊ शकतात. ते वापरायचे, न वापरता मूल होऊ द्यायचे, दत्तक घ्यायचे की मूलच नको, हे सर्वस्वी दोघांनी ठरवायचे. ही रक्ततपासणी तुम्ही आतापर्यंत केलेली दिसत नाही. ती जनुकीय समुपदेशकामार्फत करून घ्या, अहवाल यायला वेळ लागतो म्हणून गर्भधारणेचा विचार होण्याच्या बरेच आधी करा, आणि तोवर नाते तिथपर्यंत पोचले असेल तर समुपदेशकाच्या भेटीला दोघे मिळून जा, कारण त्याला विचारायचे असलेले प्रश्न पुष्कळदा तो तुमच्याजवळ बोलून दाखवणार नाही.